हिवतापाची साखर तोडली तर...

धानाच्या रोवणीचे दिवस होते. भामरागडकडच्या एका टोल्यावरून चार माणसं खाटेवर एका ६ वर्षांच्या मुलाला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आली. नाला भरलेला, म्हणून रात्र पलीकडेच काढावी लागली होती. मुलाचं अंग गार होतं, पण तो डोळे उघडत नव्हता. आईनं विचारलं, "डॉक्टर, ताप तर उतरला, मग पोरगा उठत का नाही?"

बोटाला टोचून रक्त तपासलं. फाल्सिपेरम हिवताप निघाला आणि रक्तातली साखर पार तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं, हिवतापाचं इंजेक्शन सुरू केलं. काही वेळानं त्यानं पाणी मागितलं. आई तेव्हा कुठं खाली बसली.

त्याची साखर गेली कुठं? हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो आणि तिथं साखरेवरच जगतो. त्याच्याकडे साठवणीचं कोठार नाही. रोज कमवायचं, रोज खायचं, असा त्याचा संसार. त्यामुळे बाधित पेशी निरोगी पेशीच्या कित्येक पट साखर ओढते. त्यात मूल उपाशी असतं आणि आजारी यकृत नवी साखर पुरेशी बनवू शकत नाही. क्विनाइननं तर शरीरातलं इन्सुलिन वाढून साखर आणखी घसरू शकते.

पण हीच भूक त्याचं मर्मस्थान आहे. साखर आत घेण्यासाठी परजीवीकडे प्रथिनाचं एक खास दार असतं. १९९९ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयातले संजीव कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दाराचं काम दाखवून दिलं. २००३ मध्ये त्यांनी दाराला खीळ घालणारा एक पदार्थ वापरला. प्रयोगशाळेत परजीवी मेले, हिवताप झालेल्या उंदरांच्या रक्तातही त्यांची संख्या घटली. २०२० मध्ये त्या दाराची रचनाच शास्त्रज्ञांसमोर आली.

अडचण एकच, पण मोठी. आपल्या मेंदूला आणि रक्तपेशींनाही साखर अशाच दारांतून मिळते. चोराचं दार बंद करताना घरधन्याचं बंद होता कामा नये. २००३ चा पदार्थ माणसाची प्रमुख दारं सोडून परजीवीचंच दार अडवत होता, म्हणून आशा वाटते. मात्र असं औषध अजून कुठल्याही दवाखान्यात आलेलं नाही.

मग एवढी धडपड कशासाठी? क्लोरोक्विन फाल्सिपेरमवर चालेनासं झालं, म्हणून २०१० साली देशभर आर्टेमिसिनिनच्या जोडगोळ्या आल्या. कंबोडियात त्यांचाही जोर कमी पडताना दिसला. एक कुलूप तुटण्याआधी दुसरं तयार हवं.

ते येईपर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माझ्या बंधुभगिनींना तीन गोष्टी सांगतो. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे रक्त तपासा. बरं वाटलं तरी गोळ्या पूर्ण घ्या. आणि ताप उतरूनही मूल सुस्त पडलं, तर त्याला झोप लागली असं समजू नका. शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठा. नाला भरायच्या आत निघालात, तर पोर हाती लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)