पेशीला मिळणारा जगण्याचा निरोप



कंपवात झालेल्या वृद्धाचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतां थरथरतो आणि पेला उचलूं जातांच कांहींसा स्थिरावतो, हें पुष्कळ घरांतून पाहण्यांत आलें असेल. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्यानें सन १८१७ मध्यें अवघ्या सहा रुग्णांवरून या व्याधीचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील कांहीं तर त्यानें रस्त्यांत जातां-येतां पाहिलेले होते. व्याधीचें मूळ मात्र हातांत नसून मध्यमेंदूंतील एका काळसर पट्ट्यांत आहे. तेथील पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य निर्माण करतात. त्या एकेक करून मरूं लागतात, आणि पुष्कळशा नाहींशा होईपर्यंत घरांत कोणाला सुगावाहि लागत नाहीं.

पण त्याच पेशी कां मराव्या? या प्रश्नाचा धागा हातीं आला तो तरुण रुग्णांमुळें. जपानांतील कांहीं कुटुंबांत ऐन उमेदींतच कंपवात दिसे. त्यांच्यांतील सदोष जनुक तेथील संशोधकांनीं १९९८ सालीं शोधून काढलें, तेंच 'पार्किन'. पुढें २००४ सालीं इटली व स्पेन येथील कुटुंबांत 'पिंक-वन' हें दुसरें जनुक सांपडलें.

दोहोंचें नातें उघड केलें तें पिकल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणाऱ्या चिलटांनीं! हीं दोन्ही जनुकें त्यांच्यांतहि असतात. पिंक-वन नष्ट केलेलीं चिलटें दुबळीं होऊन त्यांना धड उडतां येईना. पार्किन अधिक पुरवितांच तीं सुधारलीं. उलट पार्किन नसलेल्यांना पिंक-वन कितीहि दिलें तरी उपयोग झाला नाहीं. २००६ सालच्या या प्रयोगांचा अर्थ असा कीं, निरोप पिंक-वनकडून निघतो आणि पार्किनकडे जातो.

हा निरोप कसला? पेशींत शक्ति उत्पन्न करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्यांना पेशीच्या चुली म्हणावें. चूल धड असते तोंवर पिंक-वन तिच्या आंत ओढलें जाऊन लवकरच नष्ट होतें. चूल बिघडली कीं ही ओढ संपते. पिंक-वन दारांतच सांचतें व पार्किनला पाचारण करतें. पार्किन त्या चुलीवर युबिक्विटिन या इवल्या प्रथिनाच्या खुणा चिकटवितें, आणि त्या खुणांवरून पेशी ती चूल पचवून टाकते. निरोप न पोहोंचल्यास मोडकी चूल धुमसत राहते. अखेर तिच्यांतून सायटोक्रोम-सी बाहेर झिरपलें, कीं तीच पेशीला आत्मनाशाची आज्ञा ठरते.

तिसऱ्या 'डीजे-वन' जनुकाची गोष्ट तर विलक्षणच. १९९७ सालीं तें ओळखलें गेलें कर्करोगाच्या संबंधांत. २००३ सालीं तेंच हॉलंड व इटलींतील कंपवाताच्या कुटुंबांत सदोष आढळलें. 'एकेटी' हें प्रथिन पेशीला जगण्याचा इशारा देतें, 'पीटेन' तो इशारा दाबून धरतें, आणि डीजे-वन पीटेनला आवरतें, असें २००५ सालीं दिसून आलें. डीजे-वनचा अतिरेक झाला तर मरावयाची पेशीहि मरत नाहीं. तें लोपलें तर जगावयाची पेशी तग धरीत नाहीं.

एवढ्यावरून कोणी एखाद्या घराण्याला दोष लावून मुलामुलींचीं लग्नें अडवील, तर तो शुद्ध अन्याय होय. बहुतेक रुग्णांत असें एकच दोषी जनुक सांपडत नाहीं. आणि वरील तिन्ही जनुकांच्या बाबतींत आईकडची व बापाकडची अशा दोन्ही प्रती बिघडल्या, तरच सामान्यतः व्याधि उद्भवतो.

खाजकुइलीच्या बियांतहि असणारें लेव्होडोपा हें द्रव्य औषध म्हणून दिलें असतां आज पुष्कळांच्या हालचाली सुधारतात. पेशींचें मरण मात्र त्यानें थांबत नाहीं. म्हणूनच पिंक-वन व पार्किन यांना चेतविणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे.