पोटातली सरकणारी गाठ

दवाखान्यात एक ताई आल्या होत्या. वय 42, मालक वारून पाच वर्षं झालेली, आणि पोट पुढं आलेलं. सासूबाई सोबत होत्या, पण तोंड फिरवून बसलेल्या. गावात काय कुजबुज चालली असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ताईंनी सहा महिने पोटावर पदर घेऊन काढले.

तपासलं तर बेंबीजवळ छोट्या कलिंगडाएवढी गुळगुळीत गाठ. डावी-उजवीकडे सरकायची, वर-खाली मात्र फारशी हलायची नाही. अशी गाठ बहुधा आतड्यांच्या झालरीत असते. आपली आतडी पोटात सुटी नसतात. परकराच्या झालरीसारखा पातळ पडदा त्यांना मागून धरून ठेवतो, त्यातूनच त्यांना रक्त पोचतं. त्या पडद्यात क्वचित पाण्याची पिशवी तयार होते. इस्पितळात दाखल होणाऱ्या लाख-अडीच लाख मोठ्या माणसांत एखाद्याला. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते.

सोनोग्राफी केली. ताईंना विचारून सासूबाईंना आत बोलावलं. "बघा आजी, ही गर्भपिशवी. रिकामी आहे. पाणी भरलंय ते या गाठीत." आजी रडायलाच लागल्या. मग सीटी स्कॅन केला, गाठ कशाकशाला चिकटली आहे ते कळावं म्हणून.

"सुईनं पाणी काढा की, कापायचं कशाला?" ताईंनी विचारलं. सगळ्याच विचारतात. पण पाणी काढलं तरी पिशवी राहते आणि पुन्हा भरते. म्हणून ती अख्खी सोलून काढायची. आतड्याला घट्ट चिकटली असेल तर तेवढा तुकडा कापून आतडं जोडावं लागतं. ताईंची नुसती सोलून निघाली. काढलेली गाठ तपासायला पाठवली, साधीच निघाली. हा रिपोर्ट आणायला मात्र विसरायचं नाही, बऱ्याच जणी विसरतात.

गाठ तशीच ठेवली तर कधी तिला पीळ पडतो, कधी आत रक्त साचतं, कधी आतड्याची वाट अडते. अचानक जोराची कळ, उलट्या, शौचाला नाही, वारा सरत नाही, असं झालं तर पोट चोळून घेऊ नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र असतात. डाग मोडायच्या आधी रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन त्यांना विचारा.

दहाव्या दिवशी ताईंचे टाके काढले. पाण्याची घागर किती दिवस उचलायची नाही, हे आजींनीच दोनदा विचारून घेतलं.