सगळ्यांचं बीपी 110/70



पदवी मिळाली, अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं जरा जास्त. ऐन तेंदूच्या हंगामात घरातले दोन हात परीक्षेला पाठवायचे म्हणजे काय, हे एटापल्लीत कुणाला सांगायला नको. माझ्या वेळी इकडच्या पोरांच्या पदवीवर नागपूरचा शिक्का असायचा. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं, हे चांगलं झालं. आता मला बोलायचंय ते बोलते.

मी बाळंतपणाची डॉक्टर. शिकत होते तेव्हा गरोदर बाईला झटके आले की तिला अंधाऱ्या खोलीत ठेवत. उजेड नको, आवाज नको, झोपेचं औषध चालू. मॅग्नेशियम सल्फेट तेव्हाही ठाऊक होतं आणि स्वस्त होतं. पण ते द्यावं की दुसरं काही, यावर आमचे मोठे डॉक्टर आपापल्या गुरूचं नाव घेऊन भांडायचे. पुरावा कुणी मागत नसे. 1995 साली बऱ्याच देशांनी मिळून केलेल्या चाचणीचा निकाल आला, त्यात भारतातल्याही बाया होत्या, आणि भांडण मिटलं: मॅग्नेशियमच सरस. 2002 मध्ये 33 देशांतल्या 10,000 हून जास्त बायांवरची दुसरी चाचणी आली. बीपी चढलेलीला झटके येण्याआधीच हे औषध दिलं, तर धोका निम्म्याहून कमी होतो. मग सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाईंनी साधा प्रश्न विचारला. पुस्तकातला डोस धिप्पाड बायांचा; आपल्या सडपातळ बायांना कमी पुरणार नाही का? त्यांनी करून पाहिलं आणि 2003 मध्ये छापलं. जिथे बसलोय तिथूनच प्रश्न सुचणं, याला मी संशोधन म्हणते.

पण औषध द्यायचं तर बीपी चढलंय हे कळायला हवं. आणि इथे माझं भांडण सुरू होतं.

एका आरोग्य केंद्रात, नाव घेत नाही, मी गरोदर बायांचं रजिस्टर उघडलं. पहिली 110/70. दुसरी 110/70. पानंच्या पानं उलटली. नववा महिना असो की तिसरा, सगळ्या 110/70. बीपीचं मशीन कपाटात, कफची रबरी नळी फाटलेली. सिस्टर बिचारी खरं बोलली. "मॅडम, रकाना रिकामा दिसला की नोटीस येते. मशीन मागितलं तर काहीच येत नाही." त्याच पावसाळ्यात नाल्यापलीकडून खाटेवर घालून एक पोरगी आणली. आठवा महिना, तोंडावर सूज, वाटेतच झटके आलेले. पोरगी वाचली, बाळ गेलं. तिच्या कार्डावर काय लिहिलं होतं ते तुम्हीच सांगा.

पुढचं ऐका. असल्याच रजिस्टरांवरून शहरातल्या एका प्राध्यापकांनी निबंध केला. निष्कर्ष काय, तर जंगलातल्या बायांना गरोदरपणात बीपीचा त्रास फारसा होत नाही! कारणंही शोधली होती, मीठ कमी, चालणं जास्त. परिषदेत टाळ्या पडल्या. मी उठून विचारलं, कफ कुठल्या मापाचा होता? अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली. आमच्या परिषदांत अशा प्रश्नाला नेहमीच वेळ संपते, जेवणाला मात्र पुरते.

याच गडचिरोली जिल्ह्यात उलटंही घडलंय. राणी बंग आणि अभय बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत 650 बायांची तपासणी झाली. 92 टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्यासाठी आधी कधी तपासणी नि उपचार झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. मग 39 गावांत, घरी बाळंत होणाऱ्या 772 बायांची नोंद ठेवली. कुणी ठेवली? गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या आरोग्यदूत बायांनी, खाटेशेजारी बसून. निम्म्याहून जास्त जणींना बाळंतपणात किंवा त्यानंतर काही ना काही त्रास झाला, आणि शंभरातल्या पंधराएक जणींना तातडीने दवाखान्याची गरज पडावी अशी अवस्था होती. घरचं बाळंतपण म्हणजे सगळं आपोआप सुखरूप, ही शहरी समजूत त्या बायांच्या वह्यांनी मोडली. तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या होत्या त्या.

आधी पाहून मग बोलणाऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीतल्या गरोदर बायांचं रक्त का आटतं ते शोधत होती. बाया काय खातात, कशा राहतात ते तिने आधी पाहिलं. मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या सुधारतात हे तिने दाखवलं, आणि त्यातलं ते द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखलं गेलं. आशाताईच्या पिशवीतली गोळी या वाटेने आली आहे.

तुमच्यातले कुणी मास्तर होतील, कुणी वनरक्षक, कुणी सुरजागडच्या खाणीच्या कचेरीत बसतील, काही मुली नर्सिंगला जातील. आणि बऱ्याच जणांच्या हाती कधी ना कधी सर्वेचा फॉर्म येईल, कारण माडिया बोली येणारा पदवीधर बाहेरच्यांना लागतोच. तेव्हा एवढंच करा. मोजल्याशिवाय आकडा लिहू नका. वजन, बीपी, रक्त, हजेरी, काहीही असो. साहेब ओरडले तरी लिहू नका. मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडा आणि शेजारी लिहा, मशीन बिघडलंय. तो रिकामा रकाना पाहून कुणीतरी मशीन तरी पाठवील. 110/70 पाहून कोण कशाला पाठवतंय?

नोटीस आली तर माझ्याकडे घेऊन या. उत्तर मी लिहून देईन, मला सवय आहे.