दापोडीत चांगले काय मिळते?

पुण्याहून मुंबईच्या वाटेला लागलेला प्रवासी बोपोडी मागे टाकून हॅरिस पुलावर आला, की खाली मुळा नदी लागते आणि पुलापलीकडे दापोडी. तेथे उतरावे, काही खावे, काही विकत घ्यावे, असे त्याच्या सहसा मनात येत नाही. खाण्यासाठी तो पुण्यात थांबलेला असतो, नाहीतर चिक्कीसाठी लोणावळ्यास थांबणार असतो. पुण्याची गोष्टच वेगळी. बेडेकरांची मिसळ, चितळ्यांची बाकरवडी, कयानींची बिस्किटे ही नावे आधी कानी पडतात आणि मग माणूस त्या दुकानापुढील रांगेत उभा राहतो. दापोडीचे असे नाव परगावच्या माणसास सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे नोकरीतील बदलीने किंवा घरभाड्याच्या हिशेबाने तेथे बिऱ्हाड करणारे कुटुंब पहिल्या आठवड्यात हिरमुसते. ‘येथे चांगले काही मिळतच नाही,’ असा गृहिणीचा अभिप्राय पडतो आणि यजमान सुटीच्या दिवशी पिशव्या घेऊन लक्ष्मी रस्त्याकडे निघतात. पुढे तीन-चार महिन्यांनी त्याच पिशव्या खुंटीला लोंबताना दिसतात. मधल्या काळात काय घडते, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

दापोडी हे काल वसलेले उपनगर नव्हे. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, तेव्हा कॅप्टन फोर्डचे पथक दापोडीच्या छावणीतूनच नदी उतरून इंग्रजांच्या मुख्य सैन्यास मिळाले. फोर्डचा बंगला पुढे मुंबईच्या गव्हर्नरांकडे आला आणि सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1828 साली, तेथे सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले. 1838 पासून त्याची देखरेख डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. परदेशची झाडे ह्या मातीत लावून पाहावयाची, जी रुजतील त्यांची रोपे वाटावयाची, औषधी वनस्पती वाढवून सरकारी औषधभांडारास पुरवावयाच्या, असा त्या बागेचा उद्योग असे. गिब्सन यांनी तेथील झाडाझुडपांची सुंदर चित्रे एका देशी चित्रकाराकडून काढवून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली असून 2002 साली त्यांवर ग्रंथही निघाला. पण त्या चित्रकाराचे नाव आज कोणास ठाऊक नाही. माल उत्तम आणि नाव अज्ञात, ही दापोडीची रीत तेव्हापासूनचीच म्हणावी!

बाग मोडली, परंतु गाव कामकऱ्यांचे झाले. 1858 साली पुणे-खंडाळा लोहमार्ग सुरू झाला. 1869 साली नदीपलीकडे खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. 1948 साली लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय रुरकीहून दापोडीस आले. एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा येथेच आहे. नुसत्या सांगाड्यावर लाल गाडीचे घर चढते ते ह्या कार्यशाळेत. ह्याखेरीज मुंबई-पुणे रस्त्यावर आल्फा लावल, सँडविक आणि ॲटलास कॉप्को ह्या तीन स्वीडिश घराण्यांनी आपले पत्ते दापोडीचेच दिले. तेव्हा ज्या गिऱ्हाइकावर येथील बाजार उभा राहिला, ते गिऱ्हाईक हौसेने हिंडणारे नव्हे, पाळीवर जाणारे होय. त्याला वेळ थोडा, भूक मोठी आणि पगार महिन्यातून एकदा. दापोडीतील चांगल्या दुकानाची पारख करावयाची, तर ह्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्याखेरीज ती जमत नाही.

प्रथम वेळेची गोष्ट घ्यावी. नवखा गृहस्थ सकाळी दहा वाजता न्याहारीस बाहेर पडतो आणि त्याला गार वडा व फुगलेले पोहे मिळतात. दोष वड्याचा नाही, गृहस्थाचा आहे. येथील कढई पहाटे तापते. पहिल्या पाळीस जाणारा आणि लोणावळा लोकल गाठणारा, अशा दोघांसाठी पहिला घाणा निघतो. त्या वेळी पोहे मऊ, वडा फुलका आणि चहा ताजा असतो. मिसळीचेही तेच. कट नुकता उतरलेला असताना त्यास जी चव असते, ती वारंवार पाणी आणि तिखट घालून वाढविलेल्या कटास कोठून येणार? म्हणून अमुक दुकान चांगले असे न सांगता, अमुक दुकान अमुक वेळी चांगले, असेच जाणता दापोडीकर सांगतो. सुटीचाही येथे एकच वार नाही. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना विजेच्या वाटणीमुळे गुरुवारची सुटी असते, तर कचेऱ्यांना रविवारची. साहजिकच मटण, मासळी आणि मिठाई ह्यांची गर्दी दोन दिवसांत विभागली जाते आणि भाजी घेणाऱ्यास गुरुवार व रविवार टाळून गेल्यास निवडावयास सवड मिळते.

तळणाच्या तेलाविषयी मात्र वेळेची सबब चालू देऊ नये. तेल पुनःपुन्हा तापविले असता त्यात अपायकारक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण शेकडा 25 हून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम 2018 च्या जुलैपासून लागू झाला आहे. गृहिणीस प्रयोगशाळा कोठून आणता येणार? पण तिला डोळे आहेत. काळपट, चिकट, फेसाळणारे आणि थोड्या आचेवरही धूर सोडणारे तेल दिसले, की दुकानावर कितीही झगमगीत पाटी असो, पुढे चालावे.

न्याहारीहून खरी परीक्षा खानावळीची. एकटा कामगार, शिकाऊ उमेदवार, परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी ह्यांचे घर म्हणजे महिन्याची मेस. बाहेरचे लोक तीस स्वस्त जेवण म्हणून नाक मुरडतात. परंतु महिन्याचे जेवण रांधणे हे एका दिवसाच्या मेजवानीहून अवघड काम आहे. मेजवानीत तूप आणि मसाला पुष्कळ दोष झाकतात. तीस दिवस तेच गिऱ्हाईक पानावर बसवावयाचे, तर आमटी पातळ असली तरी फोडणी खरी लागते. आज मटकी, उद्या वांगे, परवा पिठले अशी पालट ठेवावी लागते, आणि उन्हाळ्यात डब्यातील भाजी आंबणार नाही ह्याची चिंता वाहावी लागते. ह्या खानावळी पुष्कळदा बायकांच्या हातच्या असतात. ‘मावशी, भाकरी घट्टे पडलेल्या हातांची दिसते,’ असे कोणी थट्टेने म्हणाला, तर ‘मग दोन जास्त खा,’ असे उत्तर मिळते आणि पानात भाकरी पडतेही.

खानावळ निवडताना शहाणा माणूस चवीआधी खाड्याची चौकशी करतो. गावी गेल्यामुळे चार दिवस जेवण झाले नाही, तर त्याचे पैसे वजा होतात की नाही? किती वेळ आधी सांगावे लागते? दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, त्या माणसाचे ताट झाकून ठेवतात की हंडी धुऊन मोकळे होतात? ह्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळतात, तेथील भातही बहुधा चांगला असतो. कारण ज्यास हिशेबात माणूस दिसतो, त्यास तो पानावरही दिसतो. अन्नपदार्थांच्या व्यवसायास लागणारा 14 आकडी नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे की नाही, हेही पाहावे; पण तो पाहून खाड्याचा प्रश्न विसरू नये.

आता वाण्याचे दुकान. मोठ्या भांडारात माल स्वच्छ पुड्यांत बांधलेला, दर छापलेला, आणि वाद करावयास समोर कोणी नाही, ही सोय खरी. वाण्याकडे वाद होतो. तांदळात खडा निघाला तर तो परत नेऊन त्याच्यापुढे ठेवता येतो. काट्यावर वैध मापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का पाहण्याचा गिऱ्हाइकास अधिकार आहे. चांगला वाणी त्याने रागावत नाही, काटा फिरवून दाखवितो. तथापि त्याचे खरे भांडवल उधारीची वही हेच. 2021 च्या ऑक्टोबर अखेरीपासून एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे ही मुख्य मागणी होती, आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत तो कमीअधिक जोराने चालला. एवढे महिने वेतन थांबले म्हणजे काय होते, हे कामगारांच्या कोणत्याही वस्तीस शिकवावे लागत नाही. शाळेचे शुल्क लांबवता येते, कापड घेतले नाही तरी चालते, पीठ मात्र रोज लागते. अशा वेळी तेल-डाळ देत राहावयाचे की वही मिटावयाची, हा निर्णय दुकानदारास एकट्याने, त्याच दिवशी, दारात उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडे पाहून करावा लागतो. त्याचेही देणे मोठ्या व्यापाऱ्याकडे थकलेले असते. उधारीने संसार बुडतात हे सर्वांस मान्य आहे. उधारीवाचून कित्येक तगले नसते, हेही तितकेच खरे.

पिठाच्या गिरणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तयार पीठ सर्वत्र मिळू लागले, तरी ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरास दळण चुकत नाही. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. चांगला गिरणीवाला गव्हावर मका दळत नाही, आणि उपवासाची भाजणी कोणत्या वाराला आणावी हे आधी सांगतो, म्हणजे जाते झाडून घेता येते.

आणि दुरुस्ती! येथे मात्र दापोडीने पुण्यासही मागे टाकावे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या जोडारी आणि कातारी नांदले, तेथे मिक्सरचे घासलेले चाक, कुकरचे सैल कान, शिलाई यंत्राचा अडलेला दट्ट्या ह्यांना ‘नवे घ्या’ हे उत्तर सहजासहजी मिळत नाही. कारागीर वस्तू कानाशी धरून फिरवितो, दोष सांगतो आणि नव्याची गरज असेल तेव्हाच नव्याचे नाव काढतो. असा मनुष्य बहुधा गल्लीच्या आत, एका फळीच्या दुकानात बसलेला असतो. त्याची पाटी शोधू नये, शेजारणीस विचारावे.

ह्या विचारण्याचीच सवय अलीकडे मोडत चालली आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून मेट्रोचे दापोडी स्थानक सुरू झाले आणि नोकरदार माणूस पुण्याच्या दिवाणी न्यायालयापर्यंत, व 2024 च्या सप्टेंबरापासून स्वारगेटपर्यंत, थंडगार डब्यात बसून जाऊ लागला. सोय मोठीच, तिच्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. घरी परतल्यावर तो भ्रमणध्वनीवर तारे मोजून जेवण मागवितो. ते तारे देणारा कोण, तो कोणत्या वेळी जेवला, त्याने खाडा मागितला होता काय, हे त्यास कळत नाही. आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या मावशींचे नाव त्या यादीत नसते, कारण दलालीचा वाटा देऊन चाळीस डब्यांचा धंदा परवडत नाही. पैसे देण्याघेण्याची नवी रीत मात्र तिने केव्हाच उचलली आहे. भिंतीवरील ध्वनिपेटी रक्कम मोठ्याने उच्चारते आणि मावशी पोळी उलटता उलटता मान हलवितात.

मुळा आणि पवना ह्यांचा संगम दापोडीजवळच आहे. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडले, की काठच्या वस्तीतील दुकानदारास पोती माळ्यावर चढवावी लागतात. अशा दिवशी भाजी दुप्पट दराने विकणारा एखादा निघतो, आणि त्याच दराने देऊन वर कोथिंबीर घालणाराही निघतो. नवे बिऱ्हाड तेथे जुलैत आले असेल, तर त्यास ह्या दोघांतील भेद दिवाळीपर्यंत थांबून शोधावा लागत नाही.