पुटकुळ्या आणि मेडिकलमधली ट्यूब

(वस्ती कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मुरुमांवर बोलायचं आहे म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं. पूर्वी मीही हसले असते. रेशन, पाणी, मारझोड या प्रश्नांच्या शेजारी पुटकुळ्या कुठे बसवायच्या? सौंदर्याच्या बाजाराविरुद्ध आपण बोलतो, ते बरोबरच आहे. पण आग होणाऱ्या गालाला त्याने थंडावा मिळत नाही.

गेल्या वर्षी एकोणीस वर्षांची एक मुलगी ओढणीने अर्धा चेहरा झाकून केंद्रावर आली. गाल लालभडक, उन्हात उभं राहवत नाही, हनुवटीवर लव वाढलेली. दाखवायच्या कार्यक्रमाआधी मुरुमं गेली पाहिजेत, असं घरच्यांनी टुमणं लावलं होतं. शेजारणीने सांगितलेली ट्यूब आईने मेडिकलमधून आणली. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ. सगळे खूश. ट्यूब बंद केली की चेहरा पेटायचा, म्हणून पुन्हा लावायची. असे आठ महिने.

मी ट्यूब वाचली. बारीक अक्षरांत तीन नावं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन, मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते थोडे दिवस देतात, तिथे ते उपयोगीच आहे. चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि ज्या मुरुमांसाठी लावलं तीच उसळून येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. तरी या मुलीच्या आईकडे चिठ्ठी कुणी मागितली नाही.

आता मुरुमं येतात कशी? वयात येताना संप्रेरकांमुळे कातडीतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. छिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. जाहिरातवाले याला 'तारुण्यपीटिका' म्हणतात, आजूबाजूच्या बायका 'लग्नाचं वय झालं' म्हणतात. यात मळ नाही आणि मनातलं पापही नाही. काळा ठिपका म्हणजेही घाण नव्हे; तो घासून जात नाही, घासल्याने सूज मात्र वाढते.

सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवावं. फोडू नये, डाग राहतात. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी कातडी भाजते. कपाळावर मुरुमं असतील तर केसांचं तेल तिथे ओघळू देऊ नये. साध्या मुरुमांना अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा पातळ थर चालतो (उशीचा अभ्रा पांढरा पडतो, जुना घ्या). गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. स्टेरॉइडवाली ट्यूब जिंकते ती नेमकी इथे, कारण तिला आठ दिवस पुरतात आणि पाहुणे रविवारी यायचे असतात.

पाळी अनियमित, चेहऱ्यावर राठ केस आणि मुरुमं असं एकत्र दिसलं, तर मलमावर न थांबता तपासणी करून घ्यावी. अंडाशयाचा, संप्रेरकांचा प्रश्न असू शकतो.

अजून एक. फार हट्टी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या देतात. त्या चालू असताना किंवा बंद केल्यावर महिनाभराच्या आत दिवस राहिले, तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. हे प्रत्येक मुलीला सांगायलाच हवं. आई शेजारी बसलेली असते, मुलगी अविवाहित असते, मग डॉक्टर संकोचतात, मुलगी खाली बघते आणि चिठ्ठी हातात पडते. अशा वेळी 'आईंनी जरा बाहेर बसावं' हे आपण म्हणायचं.

ती मुलगी सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात सहा महिने जात होती. लाली हळूहळू उतरली, काही डाग राहिले. कुणाकडे अशी ट्यूब सापडली तर रागाने फेकून देऊ नका. एकदम बंद केल्याने त्रास भडकतो. ट्यूब आणि मुलगी, दोघींना डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या बैठकीला घरातल्या ट्यूबा घेऊन या, संपलेल्यासुद्धा. सगळ्या मिळून नावं वाचू.