नागपूरचा नोव्हेंबर आणि एका पंगतीतली मंडळी



१८४५ साली स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात स्कॉटिश मिशनचे काम सुरू केले, आणि त्यांच्या नावाचे कॉलेज आजही या शहराची ओळख आहे. मंडळ्यांच्या एकीचा विषय निघाला की मात्र नागपूरकरांना वेगळी तारीख आठवते : २९ नोव्हेंबर १९७०. त्या दिवशी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला.

त्या सहा मंडळ्या अशा : अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळ्यांची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या हातून उभ्या राहिलेल्या मंडळ्याही या शेवटच्या प्रवाहातून एकीत आल्या. बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. एकेचाळीस वर्षे लागली.

एवढा काळ कशात गेला? प्रभू एकच, हे सगळ्यांना मान्य होते. गाठ बसली होती दोन प्रश्नांपाशी. बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेला पाळकच खरा, असे काहींना वाटे. इतरांच्या मंडळ्यांत बिशपच नव्हते, तरी त्यांच्या पाळकांनी जन्मभर वचन सांगितले होते, प्रभुभोजन दिले होते. दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा. तान्ह्या बाळाचा करायचा, की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याचाच?

नियमाचे बोट धरून चालले असते, तर कोणाला तरी आपली आधीची सेवा अपुरी होती असे लिहून द्यावे लागले असते. तसे कोणाकडूनही मागितले गेले नाही. नागपुरात सर्व परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याला सेवेसाठी जी कृपा हवी असेल ती देवाने द्यावी, एवढेच मागणे होते. कोणाच्या दीक्षेत काय उणे होते, याचा निवाडा देवावर सोपवला गेला. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींनाही एकाच मंडळीत मान मिळाला.

कृपेची ही वाट पहिल्या शतकातली आहे. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही, यावर यरुशलेमेत प्रेषित आणि वडील बसले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात ती हकिगत आहे. सुंतेचे ओझे त्यांच्यावर लादायचे नाही, असे तिथे ठरले. अंत्युखियातला पौल आणि पेत्र यांचा खटका तर जेवणाच्या पंगतीवरून उडाला. सुंतेचा आग्रह धरणारी काही माणसे आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठू लागला, आणि पौलाने त्याला तोंडावर जाब विचारला.

महाराष्ट्राच्या मातीतही हा विचार रुजला. रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. दरबार फार वाढला नाही, तरी त्याचे दार किती रुंद होते हे मराठी मंडळी विसरलेली नाही.

नागपूरची एकी अपुरी राहिली, हेही इथे मोकळेपणाने सांगायला हवे. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर योजनेबाहेर राहिली. तिचे प्रतिनिधी आज या संमेलनाच्या मंडपात पाहुणे नाहीत, घरचे आहेत. कॅथलिक बंधुभगिनींचे येणेही मोलाचे आहे. लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्याचा विषय नीतिमान ठरणे आणि कृपा हाच होता. ज्या प्रश्नावर सोळाव्या शतकात पश्चिमेकडची मंडळी दुभंगली, त्याच प्रश्नावर दोघांना सामाईक शब्द सापडले.

संमेलनाच्या दोन दिवसांच्या चर्चेत मतभेद निघतील. ते निघावेत, यरुशलेमेतही निघाले होते. स्वागत समितीची विनंती एवढीच, की समोरच्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला तपासण्याआधी त्याच्या मंडळीत देवाने काय केले ते ऐकून घ्यावे. व्यवस्थेत काही कमी पडल्यास स्वयंसेवकांना हक्काने सांगावे. दुपारचे जेवण मागच्या मंडपात आहे. तिथे मंडळीवार पाट्या लावलेल्या नाहीत. ज्याला जिथे जागा मिळेल, त्याने तिथे बसावे.