ढिगाऱ्याखालचे गाव शोधताना

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिंगोली जिल्ह्याला भूकंप आता परका राहिलेला नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात भूगर्भातून येणारे आवाज लोक अनेक वर्षे ऐकत आहेत. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा तेवढाच. घरांच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून घ्या, असे आवाहन मार्चमधील धक्क्यांनंतर प्रशासनाने केले होते. तेवढीच साधी पण मोलाची दुसरी सिद्धता म्हणजे गावाचा नकाशा.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. गणेशविसर्जन आटोपून गावे निद्राधीन झाली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली व सुमारे दहा हजार जीव गेले. घरे आणि गल्ल्या अशा एकाच ढिगात मिसळल्या की धावून आलेल्या स्वयंसेवकापुढचा पहिला प्रश्न असतो : खणायचे कोठे?

आज या प्रश्नाला उत्तर आहे. 'इस्रो'चे 'भुवन' २००९ पासून देशाची उपग्रह-चित्रे उपलब्ध करून देत आहे. २०२० साली सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांचे, घरनिहाय नकाशे तयार होऊ लागले. योजनेचा हेतू मालमत्तेचा पुरावा देण्याचा. परंतु आपत्तीनंतर काढलेले चित्र या नकाशावर ठेवले, तर कोणत्या ढिगाखाली कोणते घर होते, हे समजते. गल्ली नाहीशी झाली, तरी तिचे अक्षांश-रेखांश तेच राहतात.

मात्र उपग्रहाला छप्पर दिसते. छपराखाली कोण निजले आहे, हे दिसत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोधकार्य थांबवावे लागले. अशा वेळी त्या रात्री घरी कोण होते आणि बाहेरगावी कोण, हे शेजारीच सांगू शकतो. आणि पुष्कळदा तो शेजारीही ढिगाऱ्याखाली असतो.

म्हणून ही माहिती आधीच नोंदली पाहिजे. नकाशाची छापील प्रत घेऊन घरोघर जा. जुनी माळवदे, एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, विहिरी, मोकळी मैदाने, ट्रॅक्टर व जेसीबी असलेली घरे त्यावर दाखवा. ऊसतोडीला कुटुंबे गेली की नोंद बदला; ती परतली की पुन्हा बदला. गावठाणाबाहेरचे तांडे, शेतातली घरे, टोकाच्या वस्त्या नकाशातून सुटण्याचा संभव अधिक. तेथे प्रथम जा. जी वस्ती आपल्या नकाशात नाही, तिच्यापर्यंत मदत सर्वांत शेवटी पोहोचेल. समरसतेची परीक्षा अशा कामातच होते.

एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसील कार्यालयात असावी. एक भ्रमणध्वनीत नेटवर्कविना उघडेल अशी साठवावी. ही माहिती लोकांनी विश्वासाने दिलेली असते. ती अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान येतीलच. ते पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावाचे स्वतःचे असतात. येत्या महिन्यात प्रत्येकाने निदान एका वस्तीचा नकाशा पूर्ण करावा, एवढीच विनंती.